आईच्या नावाची डबी

आईसाठी मी आयुष्यात जी काही कामं केली, त्यात सगळ्यात कमी वेळ तिच्या नावावर थुंकायला लागला. अर्धं मिनिटसुद्धा नाही. ते निस्तरायला मात्र सहा महिने गेले.

त्याचं असं झालं. माझी आई, केराबाई, सांगोल्याकडच्या आमच्या गावाहून पंधरा दिवसांसाठी सोलापूरला आली होती. अकरा शेरडं धाकट्या भावाच्या गळ्यात बांधून ती वर्षातून एकदा येते. पहिले दोन दिवस आमच्या फ्लॅटचं कौतुक करते, तिसऱ्या दिवशी "हितं माणसं एकमेकाशी बोलत न्हाईत व्हय रं?" असं विचारते आणि चौथ्या दिवशी स्वयंपाकघराचा ताबा घेते. त्या दिवशी ती खिडकी लावून ठेच्यासाठी मिरच्या भाजत होती. घरात आम्ही तिघं, मी, माझी बायको प्रियंका आणि आई, आळीपाळीने खोकत होतो. तेवढ्यात बेल वाजली.

दारात महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या आशा सेविका उभ्या होत्या. मल्लव्वाताई त्यांचं नाव. खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर.

"क्षयरोगाची तपासणी चालू आहे, दादा. घरोघर. कुणाला खोकला?"

सरकारी आरोग्यसेवा ही फार चांगली गोष्ट आहे आणि ती दुसऱ्यांसाठी असते, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. मी नवी पेठेत साड्यांच्या दुकानात सेल्समन आहे. दिवसभर गादीवर बसून श्रीमंत बायकांना पैठण्या उलगडून दाखवल्या की माणसाला आपणही त्यांच्यातलेच आहोत असं वाटायला लागतं. (त्या बायकांना तसं वाटत नाही. पण तो त्यांचा प्रश्न.)

"आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत," मी म्हणालो आणि खोकलो.

"तुम्हाला किती दिवस झाले?"

"हा खोकला नाही. दुकानातली धूळ आहे."

ही धूळ गेले पाच आठवडे माझ्या छातीत मुक्कामाला होती. तिच्यासाठी मी मेडिकलवाल्याकडून तीन रंगांची औषधं आणून प्यायलो होतो. लाल औषधाने काही झालं नाही, हिरव्याने तोंड कडू झालं आणि तिसरं इतकं गुणकारी निघालं की मी गिऱ्हाइकासमोर काउंटरवर डोकं ठेवून झोपलो. वजनही थोडं उतरलं होतं, पण त्याचं श्रेय मी जिना चढण्याला देत होतो.

एवढ्यात आतून आई खोकली. मल्लव्वाताईंनी मान वाकडी करून आत पाहिलं. "आजी, तुम्हाला किती दिवस खोकला आहे?"

सोलापुरात आल्यापासून आईच्या तब्येतीची चौकशी कुणी केली नव्हती. ही संधी ती सोडणार नव्हती. "लई दिस झालं बघा ताई. पोराला सांगून उपेग न्हाय."

मल्लव्वाताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, रजिस्टरमध्ये आईचं नाव घातलं, मोबाईल नंबर माझा आणि प्रियंकाचा घेतला आणि एका प्लास्टिकच्या डबीवर 'केराबाई' अशी चिठ्ठी चिकटवून ती माझ्या हातात दिली. सकाळी उठल्याउठल्या खोल श्वास घ्यायचा, छातीतून खोकून बेडका काढायचा, नुसती लाळ नको. "नऊला न्यायला येते. आणि दादा, तुम्हीसुद्धा एक..."

"धूळ आहे," मी म्हणालो आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला डबी देऊन बाल्कनीत उभं केलं.

"खोल श्वास घे."

"घेतला."

"आता खोक."

"येत न्हाय. मिरच्या भाजू का?"

मिरच्या नको म्हटल्यावर तिने डबीत थोडी थुंकी टाकली. ही लाळ आहे, हे चालत नाही, असं मी सांगितलं. "माझं हाय त्ये हाय," ती म्हणाली. "शेरडाची लेंडी बघून डाक्टर रोग सांगत्यात, त्ये कळतंय मला. माणसाची थुकी बघून काय कळायचं?" आणि अंघोळीला निघून गेली.

नऊ वाजत आले होते. लग्नसराई चालू, दुकानात शेठजी घड्याळाकडे बघत बसलेले असणार. जिन्यात मल्लव्वाताईंच्या चपला वाजल्या. डबी हरवली असं खोटं बोललो असतो, पण प्रियंका शेजारी उभी होती. आणि जी वस्तू आईला जमत नव्हती, तिचा माझ्याकडे भरपूर साठा होता. एकच घर, एकच रक्त, थुंकीत असा काय फरक पडणार, असा शास्त्रीय विचार करून मी बाथरूममध्ये गेलो, डबी धुतली आणि भरली.

मल्लव्वाताईंनी डबी उजेडात धरून पाहिली. "सँपल छान आलं आहे आजींचं."

किती वर्षांनी माझ्या कुठल्याशा कामाला कुणी छान म्हणालं होतं. मी खुशीत स्कूटर काढली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एका नवरीच्या आईला सतरावी साडी उलगडून दाखवत असताना फोन आला. मल्लव्वाताई होत्या. त्यांचा आवाज फार सांभाळून येत होता.

"दादा, घाबरू नका. आजींचा रिपोर्ट आला. टीबी निघाला आहे. औषधाने पूर्ण बरा होतो, औषध केंद्रात फुकट मिळतं. उद्या सकाळी आजींना घेऊन या. आज संध्याकाळी मी घरी येऊन त्यांच्याशी बोलते."

माझे डोळे भरून आले. आईला टीबी. जन्मभर उन्हातान्हात शेरडांमागे हिंडली, आम्हाला शिकवलं आणि आता हे. मी शेठजींना सांगितलं, शेठजींनी पाठीवर हात ठेवला, नवरीच्या आईनेसुद्धा सतरापैकी एक साडी निवडून टाकली. स्कूटर चालवता चालवता मी ठरवत गेलो की आईला आता गावी पाठवायचं नाही, तिला अंडी द्यायची, दूध द्यायचं. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो. लाल दिवा होता. तिथे मला आठवलं की ती थुंकी माझी होती.

हिरवा दिवा लागला, परत लाल लागला. मागचा रिक्षावाला माझ्याबद्दल जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही, पण चूक त्याची नव्हती.

घरी पोचलो तोवर मल्लव्वाताईंनी प्रियंकाला फोनवर सांगितलं होतं आणि प्रियंकाने, रडत रडत, आईला. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. अशी ती मी कधीच बसलेली पाहिली नव्हती. पुढ्यात शिऱ्याची ताटली होती.

"बिरू," ती म्हणाली, "रडू नगंस. माझं वय झालं. काळी शेळी प्रियंकाला द्या. बाकीची धाकट्याला."

"आई, अगं ऐक..."

"पोरानं लई केलं माझं," ती प्रियंकाला सांगत होती. "गावात ऱ्हायले असते तर कळलंबी नसतं. ह्यानं डबी दिली म्हनून कळलं."

आता हे ऐकल्यावर माणसाने कबुलीजबाब कसा द्यायचा? मी दोनदा तोंड उघडलं. एकदा आईने त्यात शिऱ्याचा घास घातला आणि एकदा मला खोकला आला. संध्याकाळी मल्लव्वाताई आल्या, तेव्हा मी लांबून सुरुवात करून पाहिली.

"रिपोर्ट चुकू शकतो का हो, ताई?"

"मशीनवर तपासलं आहे, दादा. मशीन कशाला चुकेल?"

"आणि माणूस?"

"घरच्यांना असं वाटतंच," त्या मायेने म्हणाल्या. "मान्य करायला वेळ लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं आमच्या भागातल्या नागरी आरोग्य केंद्रात गेलो. मी या इमारतीसमोरून सहा वर्षं स्कूटर नेली होती, आत कधी गेलो नव्हतो. माझी समजूत होती की आत भिंती पिचकाऱ्यांनी रंगलेल्या असतील. तसं काही नव्हतं. लसीकरणाचा वार होता, तान्ह्या मुलांना घेऊन बायका बाकांवर बसल्या होत्या आणि सगळ्यात कळकट दिसणारी गोष्ट माझा रुमाल होता.

डॉक्टरबाई वयाने लहान, चष्मा लावलेल्या. त्यांनी आईला बसवलं, वजन घेतलं, सहा महिने एकही दिवस न चुकता गोळ्या घ्यायच्या असं दोनदा समजावलं. मग वजनाप्रमाणे गोळ्या मोजून आईच्या तळहातावर ठेवल्या. मल्लव्वाताईंनी पाण्याचा पेला दिला. चांगल्या मोठ्या गोळ्या होत्या. आईने माझ्याकडे पाहिलं, देवाचं नाव घेतलं आणि हात तोंडाकडे नेला.

"थांब," मी म्हणालो. "ते माझं आहे."

"काय तुमचं आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"सँपल."

"यांच्या नावाने आलेलं?"

"हो."

"मग यांचं कुठे आहे?"

"त्यांना येत नव्हतं."

"म्हणून तुम्ही?"

"मदत केली," मी म्हणालो.

मल्लव्वाताईंनी रजिस्टर मिटलं. प्रियंकाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर लग्नाच्या अल्बममध्ये कुठेच नाही. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुम्ही शिकलेले आहात का?" त्यांनी विचारलं.

"बी.कॉम."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांनी केसपेपरवरचं आईचं नाव खोडलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आईने गोळ्या टेबलावर नीट ठेवल्या. "म्हंजी मला काय न्हाय?"

"तुमची नीट तपासणी करू आजी, पण हा रिपोर्ट तुमचा नाही."

"ह्याचा हाय?"

"ह्यांचा."

मला वाटलं आता ती माझ्या मुस्काटात ठेवून देणार. मी गालसुद्धा थोडा पुढे केला. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. काल स्वतःला टीबी आहे असं कळल्यावर ती शेरडांची वाटणी करत बसली होती. आज ती एकदम म्हातारी दिसायला लागली.

"पंधरा दिस तुझा खोकला ऐकतीया मी," ती म्हणाली. "धूळ म्हनालास. मी धूळच समजले की रं."

मग माझ्या स्वतःच्या नावाची डबी आली, एक्स-रे निघाला आणि धुळीला जे नाव होतं ते माझ्या नावापुढे लागलं. आई आणि प्रियंका, दोघींचे रिपोर्ट स्वच्छ आले. तरी घरात रुग्ण आहे म्हटल्यावर, पुढे आजार होऊ नये म्हणून त्यांनाही गोळ्या मिळाल्या. "म्हंजी शेवटी मी गिळायचंच हाय," आई म्हणाली. माझ्या बाजूने कुणीच नव्हतं, कारण बाजू घेण्यासारखं काही नव्हतं. प्रियंकाने रिक्षात एवढंच म्हटलं, "लग्नापासून तुमच्या हातून एकच काम बरोबर झालं, तेही चुकीचं केलं म्हणून."

यात खोटं काही नाही. ती डबी माझ्या नावाची असती तर मी ती रिकामीच परत दिली असती.

आई गावी गेली नाही. रोज गोळी घेतली की नाही हे बघायला घरातलं एक माणूस नेमायचं असतं. मल्लव्वाताईंनी प्रियंकाचं नाव लिहायला घेतलं होतं. आईने रजिस्टरवर हात ठेवला. "माझं लिवा. शेरडाला औषिद पाजायची सवय हाय मला."

हे ती शब्दशः त्याच अर्थाने म्हणाली होती हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. गोळ्या तोंडात टाकल्या की ती माझी हनुवटी धरायची, मान वर करायची आणि गळा खालपर्यंत चोळायची. मग म्हणायची, "आ कर." जीभ उचलून बघायची. गालात बोट घालून बघायची. शेरडं औषध गालात धरून ठेवतात आणि नंतर थुंकतात म्हणे. मी शेळी नाही हे तिला कसं पटवणार होतो? माझा थुंकण्याचा इतिहास तिला ठाऊक होता.

शेठजींनी, डॉक्टरबाई म्हणतील तोवर, घरी बसायला सांगितलं. मी मास्क लावून बाल्कनीत बसायचो. मल्लव्वाताई दर आठवड्याला यायच्या, उन्हातून चार जिने चढून. दोन महिन्यांनी मला गोळ्यांचा कंटाळा आला, बरं वाटायला लागलं, आता कशाला, असं मी म्हणालो. त्या भांडल्या नाहीत. समोर बसून राहिल्या. "मला अजून अकरा घरं आहेत दादा," त्या म्हणाल्या. "तुम्ही गिळलंत की उठते." मी गिळलं.

सहा महिन्यांनी शेवटची तपासणी झाली आणि डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे हसून पाहिलं. पूर्ण बरा. त्या सहा महिन्यांत अंडी, शेंगदाण्याची चटणी, गावाकडून आलेलं तूप आणि आईच्या भाकऱ्या यांनी माझं वजन एकोणीस किलोंनी वाढवलं होतं. जुन्या पँटी प्रियंकाने बोहारणीला दिल्या.

पुढच्याच आठवड्यात केंद्रात जनजागृतीची सभा होती. बऱ्या झालेल्या रुग्णाने चार शब्द सांगितले की लोकांची भीती जाते, म्हणून मल्लव्वाताईंनी मला बोलावलं. मी चार पानं लिहून नेली. इस्त्रीचा शर्ट घातला. समोर पन्नासेक बायका होत्या, पहिल्या रांगेत आई आणि प्रियंका. खोकला लपवू नका, तपासणी करून घ्या, मी कसा धैर्याने लढलो, असं मी वीस मिनिटं सांगितलं. मल्लव्वाताईंनी माझे दोन फोटो मोठे करून भिंतीवर लावले होते. एक उपचार सुरू होण्याच्या दिवशीचा, एक परवाचा.

भाषण संपलं. टाळ्याही झाल्या. काही शंका असतील तर विचारा, असं मल्लव्वाताई म्हणाल्या. मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या, काठी टेकत पुढे आल्या आणि दोन्ही फोटो जवळून, बराच वेळ, आलटून पालटून बघत राहिल्या.

"समदं समजलं बाई," त्या म्हणाल्या. "फकस्त ह्यातला आजारी कंचा, त्येवढं सांगा."

मल्लव्वाताई बोट दाखवायला भिंतीकडे वळल्या. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतली माझी बायको उठून पुढे आली आणि तिनेही ते फोटो एकदा नीट पाहून घेतले.