शिवणगल्लीने जिना सर केला, त्याची हकिकत

सर्व पादचारी, उभय तीरांवरील रहिवासी आणि शाळेतील लहान मंडळी यांस कळावे की, आपण पुसिले, नव्या पुलास शेवटी तो रुंद जिना असता मधोमध हा अरुंद जिना कोणी आणि कोणत्या युद्धाने मिळविला. प्रश्न उत्तम आहे. सबब जैसे घडले तैसे क्रमाने लिहितो. सावकाश ऐकावे, घाई पूल बांधणारांनी पुरेशी केली आहे.

शहर जुने जाहले, नदीकाठ निस्तेज जाहला, ऐसे हुजूर आयुक्तसाहेब यांचे मनात आले. आयुक्त म्हणजे शहराचा कारभार पाहणारे बडे अंमलदार. सगळे शहर त्यांचे ताब्यात होते, फक्त त्यातून एकदा पायी चालणे राहिले होते. त्यांनी फर्मान काढिले की, शहराचा कायाकल्प करावा आणि आरंभ पादचारी पुलाने करावा. मग जुना लोखंडी पूल, जो पलीकडील कचेऱ्यांपासून निघून नेमका शिवणगल्लीच्या तोंडाशी उतरत असे, तो पाडिला आणि नकाशेबहाद्दरांनी नव्या पुलाचे भिंतीएवढे चित्र चौकात उभे केले. चित्रात काचेचे कठडे, फुगे धरलेली हसरी माणसे आणि शिवणगल्लीच्या जागी दाट झाडी. गल्लीतील शिंपी चष्मे पुसून त्या झाडीत आपापले दुकान शोधू लागले.

ऐसे का जाहले, हे नीट ध्यानात घ्यावे. जेथे माणसांची वर्दळ, तेथे जिना, ऐसा दफ्तराचा नियम. त्याकरिता मोजणी-कारकुनास खुर्ची, छत्री आणि वही देऊन मोहिमेवर पाठविले, आणि तो सोमवारी आला. शिवणगल्ली सोमवारी बंद असते हे शहरातील कुत्र्यामांजरांसही ठाऊक. कारकुनाने दिवसभर ठाण मांडून एक पोस्टमन आणि दोन मांजरे पाहिली, पैकी मांजरे नियमानुसार वगळिली, आणि वहीत लिहिले, ‘वर्दळ : एक.’ मग पूल गल्लीच्या छपरांवरून दिमाखात गेला आणि पुढील ओसाड मैदानात उतरला, जेथे काचेचा बाजार उभा राहणार होता, आणि आजही राहणारच आहे.

गल्लीच्या तोंडाशी काज-बटणवाल्या मावशींचे पलंगाएवढे दुकान. गिऱ्हाईक डोक्यावरून जाऊ लागले आणि दुकानात येईनासे जाहले. लेकीने येऊन सांगितले, “आई, आता बास झालं. महिनाअखेर दुकान बंद कर आणि माझ्याकडे येऊन निवांत बस.”

“निवांत बसायला मी काय खुर्ची आहे?” मावशी म्हणाल्या, आणि त्याच दिवशी त्यांनी टोपलीस लांब दोरी बांधून तिचे दुसरे टोक पुलाच्या कठड्यास बांधविले.

मग वरून सदरे उतरू लागले आणि खालून विजारी चढू लागल्या. कचेरीतील मंडळी पुलावर ओणवून ओरडत, “मावशी, कॉलरचं तेवढं बघा!” आणि मावशी खालून गर्जत, “आधी खिसे रिकामे करून सोडा! काल कुणाची तरी कवळी आली होती!” येणेप्रमाणे वेढ्यातही रसद चालू राहिली. आठव्या दिवशी आयुक्तसाहेबांची स्वारी पाहुण्यांसह पुलावर आली आणि कठड्यावरून एक लेंगा वर चढताना पाहून पाहुण्यांनी विचारिले, हाच का तो कायाकल्प? साहेबांचा क्रोध अनावर जाहला. हुकूम सुटला की, पुलावरून वस्त्रे सोडू अथवा ओढू नयेत. दोरी जप्त जाहली. टोपलीही कैद जाहली.

तेव्हा टेपमास्तरांच्या कापणीच्या टेबलाभोवती मसलत बसली. टेपमास्तर म्हणजे गल्लीतील वडीलधारे शिंपी. गळ्यातील टेप ते झोपतानाही काढीत नाहीत, ऐसी वदंता. त्यांनी अर्ज लिहिला की, मोजणी सुटीच्या दिवशी जाहली, सबब फिरून करावी. उत्तर आले : मंजूर, परंतु आधीच्या मोजणीशी तुलना व्हावी म्हणून वार तोच राहील.

“अहो, मग पुन्हा मांजरंच मोजणार की!” एक रफूगार कळवळला.

टेपमास्तरांनी फर्माविले की, तर मग सोमवारी दुकाने उघडा आणि घरात जे जे चालते ते सर्व घेऊन या.

त्या सोमवारी सासवा, सुना, मेहुणे, साडू, चुलते, रुसलेले आणि न रुसलेले, ऐसे अवघे सैन्य गल्लीत शिरू लागले आणि मागल्या बोळाने बाहेर पडून वळसा घालून पुन्हा पुढून शिरू लागले. कारकुनाचे बोट दुखू लागले. मावशी दुखऱ्या गुडघ्यांनी पाचव्यांदा आल्या, तेव्हा त्याने छत्रीखालून डोके काढिले.

“मावशी, तुम्ही मगाशी गेलात ना?”

“ती माझी बहीण.”

“आणि त्याआधी?”

“ती थोरली. तू मोज रे बाबा, नाती कशाला काढतोस?”

वहीत आकडा नऊशे बारा जाहला. दफ्तर हादरले. तीन महिन्यांत जिना बांधून जाहला, आणि त्यासोबत तळाशी लोखंडी दार, कुलूप आणि फर्मान आले की, वर्दळ सोमवारीच सिद्ध जाहली आहे, सबब जिना फक्त सोमवारी उघडावा. हे फर्मान शहाण्या माणसांनी, जेवून खाऊन, पूर्ण शुद्धीत लिहिले होते.

पहिल्या सोमवारी गिऱ्हाइकांचा लोंढा उतरला आणि संध्याकाळी पहारेकरी कुलूप लावण्यास आला. मावशींनी त्यास आपादमस्तक न्याहाळिले.

“अरे, सरकारी कोट ना हा? आणि बटण बघ कसं लोंबतंय! काढ. पाच मिनिटांचं काम.”

त्याने कोट दिला. मग त्यास स्मरले.

“मावशी, किल्ली खिशात आहे.”

“असू दे. कोट झाला की दोन्ही एकदमच ने.”

तो मंगळवारी आला. मावशी म्हणाल्या, उद्या. बुधवारी कळले, अस्तर फाटले आहे. शुक्रवारी ‘तेवढा काज राहिलाय’ ऐसे उत्तर मिळाले. दफ्तरात दुसरी किल्ली मागावी, तर जुनी जमा केल्यावाचून नवी मिळत नाही ऐसा नियम. पहारेकरीही आता पुसत नाही. तो मावशींच्या बाकावर चहा पितो आणि उतरणारांस रस्ता दाखवितो.

येणेप्रमाणे चव्वेचाळीस पायऱ्यांचा जिना सातही दिवस सर जाहला, मावशींचे दुकान राहिले, आणि आयुक्तसाहेबांनी आपल्या कायाकल्पाच्या यशाचा फलक त्याच जिन्यावर लाविला. फत्ते शिवणगल्लीची. कोटाबद्दल विचाराल, तर बाही उसवून ठेविली आहे.