दुसऱ्या बाजूवरची शिंक

"आता बघा, आली!" दुकानमालकाच्या साडूने बोट वर केलं. रेकॉर्डवरची गिटार थांबली, भरलेल्या हॉलमध्ये क्षणभर शांतता झाली आणि त्या शांततेत कुणीतरी शिंकलं. दोन छोट्या, एक लांबलचक. मग ड्रम सुरू झाले.

"हा मी," साडू म्हणाला. "तिसऱ्या रांगेत होतो. गिटारवाला माझ्यासाठी थांबला."

शिंपी आणि भूगोलाच्या बाईंनी कौतुकाने मान हलवली. मालकाच्या मात्र पोटात दुखायला लागलं. हे दुखणं दर रविवारी याच वेळी उठायचं.

दुकान कानाच्या मशीनचं. वर घर, खाली दुकान, आणि मागे कान तपासायची आवाजबंद खोली. रविवारी दुकान बंद, म्हणून ही मंडळी त्या खोलीत जमायची, जुनी रॉक गाणी ऐकायची आणि भांडायची. गाणं स्टुडिओतलं चांगलं की लाइव्ह? मालकाचं मत पक्कं होतं. "लाइव्ह म्हणजे गाणं कमी आणि गर्दी जास्त! स्टुडिओत कसं, सूर आणि आपण. तिसरं कुणी नाही." पंचवीस वर्षं लोकांचे कान तपासलेला माणूस तो. त्याच्यापुढे कोण बोलणार? शिवाय खोली त्याची, स्पीकर त्याचे, आणि दोन स्पीकरच्या बरोबर मधली खुर्चीही त्याचीच.

दोन महिन्यांपूर्वी साडू ही रेकॉर्ड घेऊन आला आणि सगळं फिसकटलं. बत्तीस वर्षांपूर्वी तो बँड या गावात आला होता, तेव्हाच्या कार्यक्रमाची रेकॉर्ड. आत साडूची शिंक. झालं! शिंपी लाइव्हवाला झाला, बाई लाइव्हवाल्या झाल्या, आणि मधल्या खुर्चीवर साडू बसायला लागला. मालकाच्या नशिबी आलं दाराजवळचं स्टूल. कहर म्हणजे त्याची बायकोसुद्धा चहाचा पहिला कप साडूलाच द्यायची.

"भाऊजींना पहिला का?" त्याने एकदा विचारलं होतं.

"पाहुणे आहेत ते."

"दर रविवारी उगवतो तो पाहुणा कसला?"

"अहो, जळता कशाला एवढे? तुम्हीपण शिंका कुठेतरी."

हे फार लागलं त्याला. आठवडाभर तो गिऱ्हाइकांच्या कानात बघत होता आणि डोक्यात शिंक घोळत होती. ही शिंक साडूची नाही, असं त्याचे कान त्याला सांगत होते. पण पुरावा? आणि शनिवारी दुपारी त्याला सुचलं. लाइव्ह आणि स्टुडिओ समोरासमोर ठेवायचं!

"साडूभाऊ," रविवारी त्याने माइक पुढे केला, "तुमची लाइव्ह शिंक आम्ही खूप ऐकली. आज स्टुडिओतली होऊन जाऊ द्या. ताडून बघू."

"शिंक काय मागून येते होय?"

"येईल, येईल," मालक म्हणाला आणि त्याने टेबलफॅन सुरू केला. फॅनपुढे त्याने आधीच कागदावर दोन चमचे मिरपूड ठेवली होती. सगळा विचार त्याने केला होता, फक्त फॅनची मान फिरते हे तो विसरला.

मिरपूड न्यायाने सगळ्यांना मिळाली. शिंपी ओळीने अकरा वेळा शिंकला. बाई एकदाच शिंकल्या, पण फळीवरचे मशीनचे डबे खाली आले. मालकाच्या डोळ्यांना धारा लागल्या. आवाजबंद खोली, दार घट्ट लावलेलं, मिरपूड जाणार कुठे? आणि मधल्या खुर्चीवर साडू शांत बसला होता, नाकाला साधी चाहूलसुद्धा नाही.

"मला मिरपुडीचं काही होत नाही," तो म्हणाला. "लहानपणापासून नाही. मला शिंक अशी येतच नाही."

"येतच नाही?" बाईंनी पदराआडून विचारलं.

साडूने जीभ चावली. तेवढ्यात दार उघडलं आणि मालकाची बायको ट्रे घेऊन आत आली. "काय चाललंय हे..." एवढंच ती बोलली.

दोन छोट्या, एक लांबलचक.

कपबशा खळखळल्या. शिंप्याने रेकॉर्डची सुई मागे नेली. दोन छोट्या, एक लांबलचक. तीच!

"एकोणीस वर्षांची होते," बायको ट्रे ठेवत म्हणाली. "घरी क्लासला जाते म्हणून सांगितलं होतं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"भाऊजी एवढ्या हौसेने सांगत होते. आणि तुमचं आपलं लग्नापासून एकच, लाइव्ह म्हणजे गर्दी! कोण सांगणार तुम्हाला?"

साडू पडेल आवाजात म्हणाला, "मी फाटकापर्यंत गेलो होतो. तिकिटं संपली. भिंतीला कान लावून ऐकलं सगळं." आणि तो आपणहून उठून स्टुलावर जाऊन बसला.

मालकाला आनंद मावेना. रेकॉर्डवर आपल्या घरचं माणूस! त्याने बायकोला मधल्या खुर्चीवर बसवलं, कान तपासायचा भारी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि ती जागा पुन्हा ऐकली. शिंक आली. आणि ड्रम सुरू व्हायच्या आत, अगदी हळू, एका पुरुषाचा आवाज आला, "अगं, सावकाश!"

त्याने हेडफोन काढला. "हा कोण?"

"कोण कोण?"

"तुला सावकाश म्हणणारा."

"गर्दी होती हो. असेल कुणीतरी."

"कुणीतरी 'अगं' म्हणतो?"

"चहा गार होतोय," बायको म्हणाली आणि पहिला कप तिने स्वतःच उचलला.

पुढच्या रविवारी शिंप्याने समजूतदारपणे स्टुडिओतली रेकॉर्ड आणली होती. मालकाने ती बाजूला सारली. "लाइव्ह लाव. दुसरी बाजू."

"शेवटी पटलं ना?" साडू स्टुलावरून म्हणाला.

हेडफोन घालून, डोळे मिटून मालकाने ती जागा सात वेळा ऐकली. आठव्यांदा त्याचा हात सुईकडे गेला, तेव्हा मधल्या खुर्चीवरून बायको म्हणाली, "अहो, आवाज ओळखलात तर मलाही सांगा हं. नाव काही केल्या आठवत नाहीये."