डावा कान

बादली रिकामी झाली आणि मगच सूनबाईला दिसलं, की दारात नवरा नाही, सासरे उभे आहेत.

नवरा दूध आणायला गेला होता. तोच परतला असं समजून तिनं नेम धरला होता. विसरलेल्या किल्ल्या घ्यायला मागे फिरलेले सासरे शाळेचे मुख्याध्यापक. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट जांभळा झालेला, चष्म्यातून थेंब गळतायत.

"तुमच्याकडे होळीच्या दुसऱ्याच दिवशी रंग खेळतात?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"हो, बाबा. जो पहिला दारात येईल, त्याच्यावर..." तिनं रिकामी बादली पाठीमागे लपवली.

"आमच्याकडे रंगपंचमीला." एवढंच म्हणून ते शर्ट बदलायला गेले.

नवरा आला, ऐकलं आणि दुधाच्या पिशवीसकट खाली बसला.

"बाबांवर? अगं, मी त्यांच्यासमोर अजून मोठ्यानं शिंकत नाही!"

"मग आता काय करतील?"

"लगेच काहीच करत नाहीत. तीच तर भीती आहे!"

चेहरा धुतला गेला, पण डावा कान जांभळाच राहिला. जेवताना तो समोर दिसला की सूनबाई ताटात मान घाले; सासूबाई मात्र पोळ्या वाढत राहत. शेवटी तिनं भीतभीत लिंबू आणि बेसन पुढे केलं. सासऱ्यांनी खसाखसा चोळलं. रंग तसाच राहिला, कान मात्र सुजला.

"राहू दे," ते म्हणाले. "मी बघतो."

'मी बघतो' म्हणजे नेमकं काय, याचा नवरा-बायकोनं खूप काथ्याकूट केला. निष्पन्न एवढंच झालं, की नवरा रंगपंचमीला भल्या पहाटेच मित्राकडे पळाला.

सूनबाई खोलीला कडी लावून बसली. टकटक झाली.

"सूनबाई, दार उघड."

तिनं कडी काढून जराशी फट केली. सासरे पांढऱ्या शर्टात, हातात रंगाची वाटी.

"वर्गात पोरं खुदूखुदू हसतायत. एकच कान रंगलेला बरा नाही दिसत. ये, उजवाही रंगव."

तिचा जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसांनी ती हसली, उंबरा ओलांडून पुढे झाली, वाटीत बोट बुडवलं, आणि मागून अख्खी बादली तिच्या डोक्यावर रिती झाली.

दाराबाहेर भिंतीला चिकटून लपलेल्या सासूबाई पदर खोचून उभ्या होत्या.

"धडा पहिला," सासरे चष्मा पुसत म्हणाले. "समोर सासरा दिसला, तरी सासू कुठे आहे ते आधी बघावं."