लॅपटॉपराव पांच वेळां निवर्तले, त्याची हकीकत

ज्याने लेखणी मोडली असतां आपला दांत मोडून हातीं घेतला, परंतु लिहिणे थांबू दिले नाही, त्या श्रीगजाननास साष्टांग नमस्कार असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं, कडाक्याच्या थंडींत, एका राज्यांत जो अनर्थ गुदरला तो साहेबीं पुसिला, की भीड न धरितां खरे काय ते लिहून पाठविणे. आज्ञेवरून लिहितो.

राज्य म्हणावे तर लहान, तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेस गॅलरीचा बुरूज, पश्चिमेस मोरीचा खंदक, मध्ये दोन महाल आणि एक मुदपाकखाना. राज्याचे नांव सांगण्याची परवानगी नाही. तेथे थोरल्या आईसाहेब द्वारकाबाई, वय ऐंशीस दोन कमी, त्यांचे चिरंजीव श्रीरंगराव आणि श्रीरंगरावांचे कुटुंब कुंदाबाईसाहेब ऐसे नांदत होते. कुंदाबाई त्रेपन्न वर्षांच्या. संसार केला, लेक उजविली, आणि मग मनांत आले की राहिलेली विद्या पुरी करावी, आणि विद्यापीठांत नांव नोंदवून जुन्या विहिरींवर प्रबंध मांडिला. सात वर्षे खपल्या. एकशे सात विहिरींत स्वतः उतरल्या, एकदां गुडघा फुटला, एकदां विंचवाने प्रसाद दिला, परंतु मोहीम सोडिली नाही, आणि ते सर्व नकाशे लॅपटॉपरावांच्या पोटांत सांठविले. आतां तोंडी परीक्षा तेवढी राहिली, ती वद्य षष्ठीस, बुधवारीं, सकाळीं अकरा वाजतां पडद्यावरून होणार होती. विद्यापीठाचा हुकूम सक्त की नोंदणीची मुदत शनिवारीं संपते, ती वाढणे नाही. आणि उमेदवार पडद्यावरून दहा मिनिटांहून अधिक नाहीसा झाला तर परीक्षा रद्द. आणि मोबाइलावरून हजर राहणे मान्य नाही. श्रीरंगरावांचा लॅपटॉप होता, तो कचेरीच्या कुलपांत. म्हणजे बुधवार हुकला की सात वर्षे पाण्यांत.

या राज्याची रीत ऐसी की यंत्र उघडे ठेवूं नये. मिक्सरास झबले, फ्रिजच्या मुठीस मोजा, टीव्हीस क्रोशाचा रुमाल, फार काय, गॅसच्या सिलिंडरास झालरीचा परकर. आईसाहेब म्हणत, "ज्याच्या जिवावर आपण खातो त्याला उघडं ठेवू नये." मग लॅपटॉपरावच नागवे कसे राहतील? परीक्षेच्या तारखेचे पत्र आले त्याच दिवशीं, म्हणजे आदल्या शनिवारीं, आईसाहेबांनी ट्रंकेंतून आपल्या लग्नांतला जांभळा शालू काढिला आणि त्यास कात्री लाविली. श्रीरंगराव ओरडले, "आई, अगं शालू तो!" आईसाहेब बोलिल्या, "माहितीये मला. नेसलेय मी." आणि आंत कापूस भरून चौपदरी गादी शिविली, तीस चार बंद लाविले, आणि रावांस वर बसवून बंद घट्ट आवळिले. तीस वर्षांत सासूने त्यांच्या अभ्यासास बरे म्हटले नाही की वाईट म्हटले नाही. आणि आतां हे तख्त.

रविवारीं दोन प्रहरीं कुंदाबाई त्रेचाळिसाव्या विहिरींत दंग असतां लॅपटॉपराव एकाएकीं निवर्तले. ना कण्हले, ना पाणी मागितले, पडदा काळा जाहला आणि राज्यांत हाहाकार उडाला. श्रीरंगराव धांवत आले आणि बोलिले, "चार्जर गेला असणार, दुसरं काय." नवा चार्जर आणविला, आणि दोन तासांनी राव उठले, तेव्हां सर्वांनी गूळ खाल्ला. सोमवारीं सकाळीं घटकाभर राज्य केले, आणि पुन्हां निवर्तले. आतां श्रीरंगरावांचा अभिमान पेटला. बोलिले की गनीम आंत शिरला आहे, व्हायरस तो हाच, आणि रावांस मेजावर उतरवून दिवसभर आंत कत्तल मांडिली. गनीम एकही सांपडला नाही. त्यांच्या महाबळेश्वरच्या सहलीचीं छायाचित्रे तेवढीं कामास आलीं, म्हणजे पुसलीं गेलीं. सायंकाळीं पुन्हां गादीवर बसविले, तों राव तिसऱ्यांदा गेले. आणि आईसाहेबांचा क्रम ऐसा की मयत झाल्यावर तासाभराने यावे, रावांच्या पाठीवर हात ठेवावा, आणि म्हणावे, "गारठलाय गं बाई हा," आणि गादीस आणखी एक पदर चढवावा. चौपदरीची सातपदरी जाहली. कोणासही कांही उमजले नाही. बुद्धि गहाण पडते ती ऐशी.

मंगळवारीं कुंदाबाई रावांस पिशवींत घालून नाक्यावरचे यंत्रवैद्य इस्माइलभाई यांजकडे घेऊन गेल्या. गादी घरीं ठेविली, दुकानांत मळेल म्हणून. इस्माइलभाईंनी रावांस उघड्या काचेवर ठेविले, चालू केले, आणि चार तास चित्रपट लाविले. राव हूं की चूं न करितां चालले. मग इस्माइलभाई बोलिले, "वहिनी, खोटं कशाला बोलू? हा ठणठणीत आहे. चार तासांत शिंकलासुद्धा नाही. जे काय आहे ते तुमच्या घरात आहे." हे ऐकून कुंदाबाईंच्या पायांखालची जमीन सरकली. माहेरीं बागडणारी पोर सासरीं पाऊल ठेवितांच घेरी येऊन पडते, तेव्हां दोष कोणाचा, हे सांगावे लागत नाही. घरांत फितुरी! वाटेने त्यांनी प्लगाचा संशय घेतला, वायरीचा घेतला, आणि लाज वाटते लिहावयास, श्रीरंगरावांचाही घेतला, की बायको डॉक्टर जाहली तर यांस कोठे बरे वाटणार? घरीं येऊन रावांस सन्मानाने गादीवर बसविले, बंद आवळिले, आणि वीस मिनिटांत राव चौथ्यांदा निवर्तले. कुंदाबाई फरशीवर बसल्या आणि ढसढसा रडल्या. "सात वर्षं हो," इतकेच म्हणत होत्या. आईसाहेब दाराआडून पाहात होत्या.

बुधवार उजाडला. ठरले ऐसे की रावांस अकरास दोन मिनिटे कमी असतां उठवावे, म्हणजे जितका श्वास असेल तितका परीक्षेच्या कामीं येईल. पडद्यावर तीन परीक्षक प्रकट जाहले. आईसाहेब दारामागे पाटावर, श्रीरंगराव हातांत दोन चार्जर घेऊन उभे. कुंदाबाई प्रथम अडखळल्या, आणि मग विहिरींचे नांव निघतांच ऐशा बोलूं लागल्या की श्रीरंगराव तोंडाचा आ करून पाहात राहिले. तेव्हां वृद्ध परीक्षकांनी पुसिले, "बाई, या दगडी बांधकामात मधूनमधून भोकं दिसतात. गवंडी विसरला की काय?" कुंदाबाई बोलिल्या, "विसरला नाही, सर. ती पाझराची तोंडं. विहीर त्यांतूनच जगते. पुढं लोकांनी हौसेनं आतून सिमेंट लावलं, तोंडं बुजवली, आणि चांगल्या जित्या विहिरी—"

आणि पडदा काळा जाहला. घड्याळांत अकरा वाजून एकवीस मिनिटे. हाय हाय, काय तो प्रसंग! कुंदाबाईंनी कळ दाबिली, राव हलेनात. श्रीरंगरावांनी एक चार्जर काढिला, दुसरा लाविला, दुसरा काढिला, पहिला लाविला. तेव्हां आईसाहेब पाटावरून उठल्या आणि पुसूं लागल्या, "तोंडं बुजवली की विहिरींचं काय होतं गं?"

"मरतात, आई! मरतात!" कुंदाबाई ओरडल्या. त्या घरांत त्यांचा आवाज प्रथमच चढला.

आईसाहेबांनी गादी आणि राव यांच्या मध्ये हात घातला. यापूर्वीं त्या तासाभराने येत, आज तत्क्षणीं आल्या. बोटांस चटका बसला. "अगो, हा तापानं फणफणलाय!" म्हणून त्यांनी विळीवर बंद कापिले आणि रावांस उपडे केले, तों पोटावर बारीक चिरांच्या रांगा, आणि त्यांत गादीच्या टांक्यांतून निघालेला कापूस दाटलेला. आईसाहेबांचा चेहरा पांढरा फटक पडला. म्हणाल्या, "कुंदा, ह्यालाही तोंडं आहेत. मीच बुजवली. मीच मारत होते गं ह्याला."

कुंदाबाईंच्या तळपायाची आग मस्तकास गेली. जिभेवर जे आले ते लिहिण्याजोगे नाही. परंतु सासूच्या हातांतला तो जांभळा तुकडा थरथरतांना दिसला, आणि राग जेथून आला तेथे गेला. बोलिल्या, "आई, रडायचं नंतर. पोळपाट आणा." पोळपाट आला, तो उलटा मांडिला, तीन पाय वर, आणि त्या तीन पायांवर रावांस ठेविले, की खालून वारा खेळावा. आईसाहेबांनी कापूस बोटांनी वेंचिला, श्रीरंगरावांनी सूप घेऊन वारा घालावयास आरंभ केला, आणि कुंदाबाई घड्याळ पाहात राहिल्या. चार मिनिटे गेलीं. पांच गेलीं. सातव्यास कळ दाबिली, आणि राव उठले! परंतु उठून लवकर येतील ते राव कसले. डोळे चोळिले, गोल गोल चक्र फिरविले, आणि साडेनऊ मिनिटांस परीक्षक पुनः दिसूं लागले. एक जण उठून चालला होता. कुंदाबाई जेथे तुटल्या होत्या तेथूनच बोलिल्या, "—मेल्या, सर. हौसेपायी मेल्या. पण तोंडं मोकळी केली की पुन्हा भरतात. मी पाहिलंय." उठलेला गृहस्थ खालीं बसला.

दीड वाजेतों राव अखंड चालले, आणि परीक्षकांनी कुंदाबाईंस डॉक्टर म्हणून हांक मारिली. श्रीरंगराव सूप हातांत धरून रडत होते. आईसाहेब तेथे नव्हत्या. कुंदाबाई शोधीत मुदपाकखान्यांत गेल्या, तों आईसाहेब खालीं बसून गादी उसवीत होत्या, भोंवतीं कापसाचा ढीग. जांभळे वस्त्र मोकळे जाहले तसे त्यांनी झटकिले, उठून कुंदाबाईंच्या खांद्यांवर घातले आणि बोलिल्या, "चौथीत होते. शाळेतून काढून मला ह्यात गुंडाळली. यंत्राला कशाला नेसवला, माझं मलाच कळेना. घे. मान तुझा होता. ज्याचं त्याला पोचलं."

येणेप्रमाणे राज्य बुडतां बुडतां राहिले, फितूर सांपडला आणि त्यास क्षमा जाहली. मिक्सराचे झबले आणि सिलिंडराचा परकर पूर्ववत् चालू आहेत. पोळपाट तख्ताच्या कामीं गेला तो परत आला नाही, सबब पोळ्या हल्लीं उपड्या ताटावर लाटितात, त्या वांकड्या होतात, आणि कोणी चकार शब्द काढीत नाही. घडले तितके लिहिले. अधिक उणे साहेबीं पदरांत घ्यावे.