टिपणिसांचा वाऱ्याचा अंदाज

टिपणीस चारचौघांत बोलता बोलता एकदम स्वतःचं बोट तोंडात घालत. चाळिशी उलटलेला, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावणारा माणूस भाजीच्या गाडीसमोर उभा राहून तर्जनी चोखतो, ती ओली तर्जनी वर धरतो आणि डोळे मिटून घेतो, हे पाहून मी दोन पावलं बाजूला झालो. भाजीवाला मात्र कोथिंबीर निवडत शांतपणे म्हणाला, "काय म्हनतो वारा, साहेब?"

"पश्चिम," टिपणीस डोळे न उघडता म्हणाले. "पण मनापासून नाही."

ही आमची पहिली भेट. ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी नुकताच बदलापूरला, पश्चिमेला, दोन मजली इमारतीत राहायला आलो होतो. मागे भातखाचरं आणि त्यांच्या पलीकडे उल्हास नदी. टिपणीस माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहत. अंबरनाथला आनंदनगरच्या ज्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी हजेरीपटावर मान मोडत होतो, त्याच कारखान्यात ते दाबमापकं आणि तापमापकं सांभाळत. त्यामुळे त्यांना टाळणं मला कुठल्याच दिशेने शक्य नव्हतं.

आमच्या फाटकाला काळा रंग दिलेली एक प्लायवूडची फळी टांगलेली असे. मथळा ऑइलपेंटने कायमचा रंगवलेला : 'नदीवरील शीडपटूंसाठी वाऱ्याचा अंदाज'. खालचा मजकूर दर शनिवारी संध्याकाळी खडूने बदले. मी वाचलेला पहिला अंदाज असा होता :

'उद्या सकाळी आठ ते दहा : वारा आहे असे वाटेल. नसेल.
दहा ते बारा : पश्चिमेकडून मध्यम. बंधाऱ्यापाशी वळेल. कारण समजलेले नाही.
दुपारी : वारा पडेल. शीडपटूंनी जेवून घ्यावे.'

मी तो तीनदा वाचला. क्रिकेटपटू ऐकले होते, मल्लखांबपटू ऐकले होते. शीडपटू हा काय प्रकार, आणि तोही बदलापुरात? नदीत म्हशी डुंबताना मी पाहिल्या होत्या. त्या शिडं लावत नव्हत्या.

इमारतीतल्या लोकांना हा प्रश्न पडत नसे. त्यांनी अंदाज आपापल्या कामाला लावला होता. तळमजल्यावरच्या जोगळेकरकाकू उन्हाळ्यात गॅलरीखाली उभ्या राहून विचारत, "टिपणीस, उद्या कुरडया घालू का हो?"

"घाला. दक्षिणेकडे तोंड करून."

"कुणाचं तोंड? माझं की कुरडयांचं?"

टिपणीस विचारात पडत. मग म्हणत, "दोघींनीही केलं तर उत्तम."

त्यांचं पेटंट वाक्य होतं, "हे माझं मत नाही, वाऱ्याचं आहे." फॅक्टरीत मोठ्या साहेबांनासुद्धा त्यांनी ते ऐकवलं होतं. एकदा ते मला गच्चीवर घेऊन गेले. गच्चीच्या चार कोपऱ्यांत चार काठ्या आणि प्रत्येक काठीला रेशमी साडीच्या काठाची पट्टी. डब्याच्या झाकणात बसवलेलं होकायंत्र मध्ये. चारही पट्ट्या चार दिशांना फडफडत होत्या.

"यातली बरोबर कुठली?" मी विचारलं.

"चारही."

"असं कसं?"

"तुम्ही कुठे उभे आहात त्यावर आहे." मी मध्ये उभा होतो. तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग तुमचं अवघड आहे."

मी खाली आलो तेव्हा मला वाऱ्याविषयी आधी होती तेवढीही माहिती उरली नव्हती.

शेवटी एका रविवारी मी शीडपटू बघायला नदीवर गेलोच. बंधाऱ्यामुळे वरच्या अंगाला पाणी तुंबून उन्हाळ्यातही चांगलं रुंद पात्र राहतं. तिथे मला एकूण शीडपटू दिसला तो एक. उल्हासनगर कॅम्प चारचे लच्छूभाई. पन्नाशीचे, गोल, सिंधी गृहस्थ. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवून विकायचा धंदा. कुठल्याशा परदेशी कॅलेंडरवर त्यांना एक चित्र दिसलं : निळं पाणी, पाण्यावर फळी, फळीवर उभा राहून शीड धरलेला उघडा माणूस. त्या चित्राने लच्छूभाई बदलले.

"साईं, कपडा और रस्सी," ते मला म्हणाले. "ये तो अपनाच धंधा है! सिर्फ नीचे पानी है."

त्यांनी दोन फळ्यांमध्ये थर्मोकोल भरलं होतं, वरून ताडपत्री ताणून शिवली होती. शीडही ताडपत्रीचंच, खाकी, आणि त्यावर एका बाजूला कुणा ट्रान्सपोर्टवाल्याने परत केलेल्या मालाची अर्धी अक्षरं. लच्छूभाई फळीवर चढत, शीड उभं करत, "आ गया, आ गया!" असं ओरडत आणि पाण्यात पडत. नदीकाठच्या गावातला पुंडलिक, शेती करणारा आणि होडी असलेला, होडीत बिडी ओढत बसलेला असे. लच्छूभाई पडले की बिडी कानावर ठेवून तो त्यांना ओढून काढी. टिपणीस काठावर, पाण्यापासून दहा पावलं लांब, वही घेऊन उभे.

"तुम्ही नाही जात फळीवर?" मी विचारलं.

"मला पोहता येत नाही," टिपणीस म्हणाले. "मी अंदाजात आहे."

मीही त्या दिवसापासून जाऊ लागलो. का, ते सांगता येणार नाही. माझ्याकडे फडकी आणि चहाचा थर्मास सांभाळायचं काम आलं. वर्षभरात लच्छूभाई सलग वीसेक हात अंतर कापायला शिकले. टिपणिसांच्या अंदाजांना मात्र अर्थ लागेना. 'वारा येईल' असं लिहिलेलं असलं की तो यायचा, पण त्यांनी सांगितलेल्या तासाच्या आधी किंवा नंतर. 'आला तेव्हा तुम्ही कुठे होतात?' असं ते आम्हांलाच विचारत.

मग तो एप्रिलमधला पहिला रविवार आला. फाटकावरच्या फळीवर लिहिलेलं : 'पश्चिमेकडून मंद. निर्धास्त जावे.' साडेअकराच्या सुमाराला लच्छूभाई पात्राच्या मध्यावर होते आणि चक्क उभे होते. आम्ही टाळ्या वाजवत होतो. तेवढ्यात पाठीमागून, बारवी धरणाच्या बाजूने, धुळीचा एक लोट भातखाचरांवरून धावत आला. थर्मासचं झाकण उडालं. लच्छूभाईंचं शीड फाडकन उलट्या अंगाला फिरलं आणि फळी बंधाऱ्याकडे सुटली.

"पूर्व!" टिपणीस ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. "लच्छूभाई, पूर्वेचा आहे! शीड सोडा!"

"पूरब किधर है, साईं?"

"तुमच्या मागे!"

"कौनसा मागे? मैं तो घूम रहा हूँ!"

"शीड छोड दो!" मी ओरडलो.

"छोड दिया! वो मेरे को नहीं छोड रहा!"

दोरी त्यांच्या मनगटाला गुंडाळली गेली होती. फळी उलटली. खाकी शीड पाण्यावर पसरलं आणि लच्छूभाई त्याच्याखाली गेले. वर आले ते शीडच वर आलं. माणूस दिसेना. टिपणीस अजून 'पूर्व, पूर्व' म्हणत होते, आता हळू आवाजात. पुंडलिक वल्हं मारत ओरडला, "सायेब, आंदी त्याला भायेर काढू, मंग दिशा सांगा!"

त्याने कोयत्याने दोरी तोडली आणि लच्छूभाईंना होडीच्या काठावर उपडं घातलं. बरंच पाणी ओकल्यावर ते पहिलं वाक्य बोलले, "शीड बचा क्या?"

शीड वाचलं होतं. उजवा खांदा मात्र निखळला होता. आम्ही रिक्षाने त्यांना डॉक्टरकडे नेलं. टिपणीस वाटभर त्यांचा डावा हात धरून बसले होते. खांदा बसवताना लच्छूभाई ओरडले तेव्हा टिपणीस माझ्याकडे वळून म्हणाले, "पूर्व मी धरलीच नव्हती." मला काही कळलं नाही. त्यांच्या तोंडचं काही न कळण्याची मला सवय झाली होती, म्हणून मी मान हलवली.

त्यानंतर तीन शनिवार फाटकावरची फळी कोरी राहिली. जोगळेकरकाकूंनी कुरडया अंदाजाने, म्हणजे अंदाजाशिवाय, घातल्या. फॅक्टरीत टिपणीस माझ्यासमोरून खाली मान घालून जात. चौथ्या शनिवारी गळ्यात हात अडकवलेले लच्छूभाई सिंधी पापडांचं मोठं पुडकं घेऊन कॅम्प चारहून आले आणि मला म्हणाले, "ऊपर चलो."

टिपणिसांच्या घरात मी तोवर कधी गेलो नव्हतो. सुमनवहिनींची प्रकृती बरी नसते, एवढंच ऐकून होतो. एप्रिल संपत आलेला, अंगाची काहिली होत होती, आणि त्या खोलीची उत्तरेकडची खिडकी घट्ट बंद होती. फटींत ओल्या फडक्यांच्या पट्ट्या खोचलेल्या. वहिनी पलंगावर तीन उशांना टेकून बसल्या होत्या. बारीक, गोऱ्या, डोळे मिश्कील. "या," त्या म्हणाल्या. "शीडपटू ना तुम्ही? हे रोज तुमच्याविषयीच बोलतात."

"बोर्ड क्यूँ खाली है?" लच्छूभाईंनी टिपणिसांना सरळ विचारलं.

"तुम्ही मेला असता. माझ्या खडूने."

"मरा तो नहीं ना! दुकान पे सब पूछते हैं, लच्छू, हाथ को क्या हुआ? मैं बोलता हूँ, पूरब से आया. किसी को समझता नहीं. इज्जत बढ गई मेरी!"

वहिनी हसल्या. हसता हसता त्यांना खोकला आला आणि तो थांबेना. छाती वर येई आणि तिथेच अडके. टिपणीस उठले, एका हाताने त्यांच्या पाठीला आधार दिला, दुसऱ्या हाताने औषधाचा पंप त्यांच्या तोंडाशी धरला. सगळं इतकं सवयीचं, की त्यांनी आमच्याशी चाललेलं बोलणंही तोडलं नाही. "बसा, दोन मिनिटं लागतील," ते म्हणाले. दोन मिनिटंच लागली.

टेबलावर त्यांची वही उघडी होती. नदीवरची नव्हे, तिच्यापेक्षा जुनी. मी न राहवून पाहिली. तीन रकाने होते. वारा. वास. आणि तिसऱ्या रकान्यावर नुसतं 'सु.' लिहिलेलं, खाली आकडे. पहाटेचे, दुपारचे, संध्याकाळचे. पानंच्या पानं.

"लग्नानंतर इथे आलो तेव्हा हिला काही नव्हतं," टिपणीस माझ्याकडे न बघता म्हणाले. "मग दमा लागला. कारखान्यांच्या बाजूचा वारा असला की वास येतो, आणि वास आला की हिला त्रास. अर्धा तास आधी कळलं तर खिडकी लावता येते. म्हणून उत्तर दिशा शिकलो."

"और बाकी?" लच्छूभाईंनी विचारलं. "पश्चिम, दक्षिण?"

टिपणिसांनी वही मिटली. मग म्हणाले, "घरी कुणी येत नाही. आलेल्याच्या कपड्यांचा, अत्तराचा, कसलाही वास हिला चालत नाही. मीही कुणाकडे जात नाही. तुम्ही एकदा भाजीच्या गाडीपाशी मला विचारलंत, साईं, नदीवर वारा कसा असतो. मला कुणी काही विचारून फार दिवस झाले होते. हिला उत्तर पुरत होती. बाकीच्या दिशा मी तुमच्यासाठी शिकलो. पूर्व राहिली."

लच्छूभाईंनी डाव्या हाताच्या वितीने खिडकी मोजली. पुढच्या आठवड्यात त्यांनी जाड ताडपत्रीचा पडदा शिवून आणला, आत अस्तर, कडेला पितळी कड्या. शिवण्याआधी ताडपत्री चार दिवस उन्हात टाकून तिचा वास घालवला होता. पुंडलिक म्हणाला, "वयनीला नदीवं आना. तिथं वास न्हाय पोचत." मग पश्चिमेचा वारा असला की टिपणीस वहिनींना रिक्षाने आणू लागले. त्या काठावर घडीच्या खुर्चीत बसत आणि लच्छूभाई पडले की मनापासून हसत.

दोन-अडीच वर्षं असं चाललं. मग डॉक्टरांनी हवा बदला म्हणून सांगितलं. टिपणिसांनी निवृत्तीला बरीच वर्षं शिल्लक असताना नोकरी सोडली आणि रत्नागिरीकडे, वहिनींच्या माहेरी जायचं ठरवलं. जायच्या आदल्या रविवारी आम्ही सगळे नदीवर होतो. वहिनी अचानक खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "पुंडलिक, मला मध्यावर ने."

टिपणिसांचा चेहरा उतरला. वहिनींनी विचारलंच नव्हतं. त्या होडीत बसल्याही. पुंडलिकने पात्राच्या मध्यावर नेऊन वल्ही वर घेतली. तिथे वहिनी नुसत्या बसून राहिल्या. मान मागे टाकलेली, तोंड किंचित उघडं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पुंडलिकने वहिनींना हातानेच विचारलं, फिरवू काय? त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

ऊन चढू लागलं. "भाभी को बुलाऊँ क्या?" लच्छूभाईंनी विचारलं.

टिपणीस पँटसकट गुडघाभर पाण्यात शिरले होते. चपला काठावर काढायच्याही राहून गेल्या होत्या. होडीवरची नजर न हलवता ते म्हणाले, "राहू द्या. पोटभर हवा घेऊ द्या तिला."