वसंतकाकांचे पाच रियाल

आमच्या डहाणूत सकाळी कुणी भेटलं की 'चहा झाला का?' विचारतं. शेजारचे वसंतकाका विचारतात, "आज रियाल वर की खाली, सांग बघू?"

हायवेला अच्छाडच्या नाक्यावर त्यांचं टायरचं दुकान होतं. ट्रकवाले उतरायच्या आधीच "भाव बोलो!" म्हणून ओरडायचे. दुकान विकलं, पण 'भाव बोल' काकांच्या तोंडी राहिलं ते राहिलंच. काकू गेल्यावर त्यांनी घरचा हिशेब कॉम्प्युटरवर घेतला. दूध, वीज, सुकट, सगळं रुपयांत. एकच खातं ओमानी रियालचं, आणि त्यात शिल्लक किती? पाच रियाल! मस्कतला लेक वैशूकडे गेले होते, तेव्हा खिशात उरलेली नोट. रोजचा भाव घातला की प्रोग्रॅम तिचे रुपये करून दाखवतो. चार आणे वाढले की काका पापलेट घेणार. पडले की बोंबलांवर घासाघीस.

"भाव कमी कर गं, रियाल पडलाय."

"काका, माजे बोंबील काय मस्कतवरनं येतात?" वनाबाई कोळीण टोपलीच झाकून घ्यायची.

हा भाव विचारायला ते रोज सकाळी वैशूला फोन करायचे. मला बघवेना. कपाळ माझं, सारं जग नेटवर भाव बघतं! नोटाबंदीच्या आदल्या वर्षी त्यांनी घरी नेट घेतलं, तशी मीच प्रोग्रॅममध्ये 'भाव नेटवरून घ्या' या चौकटीत खूण केली आणि भाव आपोआप यायला लागला.

"वा! पोरीचा त्रास वाचला," काका म्हणाले. मीही खूश.

आठवडाभरात काका दारात. दाढी वाढलेली.

"तुझं ते आपोआप बंद कर."

"का हो? भाव चुकतोय?"

"भाव बरोबर आहे गं. पण आता वैशूला फोन काय म्हणून करू? काल नुसतं 'कशी आहेस' विचारायला लावला, तर पोर घाबरली. म्हणे, बाबा, तुम्हाला बरं नाही का?"

मी तशीच त्यांच्या घरी जाऊन खूण काढली. काकांनी लगेच फोन लावला.

"वैशू, अगं ते मशीन बिघडलं. भाव बोल!"

"बरं झालं बिघडलं, बाबा," वैशू म्हणाली. "थांबा, बघते. नाश्ता केलात का?"

मग अर्धा तास नाश्ता, गुडघा, वनाबाई, कैरी घालून बोंबलाचं कालवण. काकांनी हसत फोन ठेवला.

"काका, भाव?"

"अरेच्चा! तो राहिलाच. उद्या विचारतो."