बफरचं रीळ आणि एक गूढ गिऱ्हाईक

बफर चिपांच्या पट्टीचं रीळ हरवल्याचं मंगळवारी सकाळी कळलं, तेव्हा शेन्झेनच्या चिपबाजारातला सर्वांत तल्लख गुप्तहेर जागेवर हजर होता. म्हणजे मी, छ्यू. गाळा माझाच, रीळही माझंच. तिसऱ्या मजल्यावर माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. मुळात दुसरा गुप्तहेरच नाही, पण ती बाब वेगळी.

समोर थाओ उभी होती. ती म्हाताऱ्यांच्या पलंगाला लावायचा भोंगा बनवते. माणूस अंथरुणातून उठला की घरच्यांना कळतं. तिच्या बोर्डावर एक चिप पाच व्होल्टची, दुसरी तीनची. मधे राहून एकीचा सिग्नल दुसरीला सोसेल असा पोचवायचा, हे बफरचं काम.

"काका, दुसरी कुठलीही चालणार नाही. संध्याकाळी कारखान्यात बोर्ड जोडून घ्यायचा माझा नंबर आहे. तो गेला तर सगळंच लांबेल."

"मिळेल."

"काकू म्हणाल्या होत्या, तुझ्यासाठी राखून ठेवते."

काकू म्हणजे माझी बायको, रुइझेन. ती हिवाळ्यात गेली. तिने घेतलेली ही शेवटची ऑर्डर. तिचा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता.

चिपांवरची अक्षरं वाचायचं भिंग घेऊन मी कपाट तपासलं. तिथे तीळ सांडले होते.

"चोराला तिळाची बिस्किटं आवडतात," मी म्हणालो.

"ती तुम्हीच खाता, भावजी," शेजारच्या गाळ्यातली फांगवहिनी म्हणाली.

"म्हणजे चोराला माझ्या सवयी माहीत आहेत."

आमच्या बाजारात गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणत नाहीत. 'आहे' म्हणायचं आणि शेजाऱ्याकडून आणायचं. मीही वहिनीला हळूच ती बफर विचारून ठेवली, आणि तपासाला लागलो.

दुपारपर्यंत सगळी इमारत तीच बफर शोधत होती. भाव दर तासाला चढत होता. माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"कोणीतरी शहरातल्या सगळ्या बफर गोळा करतोय," मी थाओला म्हणालो. "भोंगे बनू नयेत म्हणून. म्हाताऱ्यांचा रात्री पळून जायचा कट आहे. चोर सत्तरीपुढचा असणार."

"काका, मला फक्त रीळ हवंय."

मी तळमजल्यापासून माग काढला. तुला कोणी विचारलं? त्याने. त्याला कोणी? हिने. असं करत घाम पुसत पुन्हा तिसऱ्या मजल्यावर, फांगवहिनीपुढे येऊन थांबलो.

"वहिनी, खरं सांगा. तुम्हाला कोणी विचारलं?"

"तुम्ही."

मी थोडा विचार केला. "आणि मी कोणाच्या सांगण्यावरून?"

तेवढ्यात फोन वाजला. तळमजल्यावरचा दुकानदार होता. "छ्यूभाऊ, ती बफर आहे का? एक गिऱ्हाईक वाटेल तो भाव देतंय."

"आहे," मी म्हणालो. सवयीने.

वहिनीने कपाळाला हात लावला आणि फडकं घेऊन माझा गाळा पुसायला घेतला. रुइझेनच्या फोटोवर धूळ बसली होती म्हणून तिने तो उचलला.

"भावजी, हे काय?"

फोटोमागे चंदेरी पिशवीत रीळ होतं. फोटो मागे कलंडायचा, म्हणून तो इथे ठेवला त्या पहिल्या दिवशी मी हाताला लागलं त्याचा टेकू दिला होता. तेव्हापासून रोज सकाळी मी त्या पुराव्यापुढे चहा ठेवत होतो.

थाओने लेबल वाचलं, सील पाहिलं. "काकूंनी राखलं होतंच," ती म्हणाली.

"तपास माझा," मी म्हणालो.

"आणि चोरीही," वहिनी म्हणाली.

थाओ रीळ घेऊन कारखान्याकडे पळाली. फोटो पुन्हा मागे कलंडला आहे. त्याला स्टँड आणायचा अजून राहिलाय.